उलट्या आट्यांच्या गोगलगायी

तिला घरात सगळे भिंगरी म्हणत. लहानपणी ती एका जागी टिकत नसे म्हणून आजोबांनी ठेवलेलं हे नाव कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापर्यंत चिकटून राहिलं. त्या वर्षी मात्र थंडी ओसरायच्या सुमारास ही भिंगरी कॉलेजच्या बागेतल्या हौदाच्या काठावर बसून राहायला लागली, आणि तिच्या मैत्रिणींना वाटलं, हिचं काहीतरी बिनसलंय.

बिनसलं काहीच नव्हतं. झालं होतं असं की, प्राणिशास्त्राच्या सरांनी प्रॅक्टिकलसाठी तिला हौदातलं बादलीभर पाणी आणायला पाठवलं होतं. त्या पाण्यात नखाएवढ्या पाणगोगलगायी आल्या. प्रत्येकाने एकेक घ्यायची आणि तिची आकृती काढायची, एवढंच काम. भिंगरीची आकृती बघून सर म्हणाले की उलटी काढलीस, पुस्तकात बघ. तिने पुस्तक बघितलं. शंखाचं टोक वर धरलं आणि तोंड आपल्याकडे केलं, की पुस्तकातल्या गोगलगायीचं तोंड उजवीकडे उघडत होतं. तिच्या गोगलगायीचं डावीकडे. तिने पुन्हा काढली, पुन्हा तीच. मग सरांनी चष्मा कपाळावर सरकवला, गोगलगाय हातात घेतली आणि पुस्तकातल्या आकृतीशेजारी धरली. शेवटी म्हणाले, "आकृती बरोबर आहे. गोगलगायच डावखुरी आहे."

वर्ग सुटल्यावर ती हौदाशी गेली. कमळाची पानं उलटून बघितली. काही गोगलगायी उजव्या, काही डावखुऱ्या, आणि डावखुऱ्या अगदी पुष्कळ. सरांनी सांगितलं त्यावरून हे जरा विचित्रच होतं. गोगलगायींच्या बऱ्याच जातींमध्ये सगळ्यांच्या शंखाचा पीळ एकाच बाजूचा असतो. चुकून एखादी उलट्या पिळाची निघाली तर तिची पंचाईत होते, कारण उलट आणि सुलट यांची जोडी नीट जमत नाही. म्हणजे जी बाजू कमी, ती हळूहळू संपायला हवी. मग या हौदात दोन्ही इतक्या सुखाने कशा नांदतात? आणि डावखुरीची पिल्लंही डावखुरीच होतात का?

भिंगरीने हा दुसरा प्रश्न विचारला तेव्हा सरांनी खांदे उडवले. दुसऱ्या एका जातीवर फार पूर्वी काम झालंय, या जातीवर आपल्या माहितीत कुणी केलेलं नाही, असं म्हणाले. मग पुढे म्हणाले की उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रयोगशाळा रिकामी असते, सूक्ष्मदर्शक मोकळा असतो, आपणही इथेच असतो. "बघ की," हे त्यांचं नेहमीचं वाक्य होतं. ते ऐकून आजवर किती मुलं नुसतीच घरी गेली होती कुणास ठाऊक.

भिंगरी घरी गेली ती डोक्यात गोगलगायी घेऊन, पण घरात शिरताच तिला उन्हाळा आठवला. तिचा उन्हाळा आधीच ठरलेला होता. तिचे वडील बस चालवत, आई दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती, आणि दोघांच्या पगारात घर व्यवस्थित चाले. कॉलेजची फी मात्र त्यात बसत नसे. भिंगरी ती दर उन्हाळ्यात मावशीच्या दुकानात काम करून उभी करी. मावशीचं तसबिरींना चौकटी बसवायचं दुकान होतं. परीक्षा संपल्या की पदवीदान समारंभाचे फोटो, लग्नाचे फोटो, निवृत्त झालेल्यांची मानपत्रं यांचा नुसता पूर येई, आणि भिंगरीचा हात काच कापण्यात इतका बसला होता की मावशी अवघड मापाची काच दुसऱ्या कुणाला कापूच देत नसे. यात कुणाची कुणावर जबरदस्ती नव्हती. तिला ते काम आवडायचं. पण दोन महिने दुकान आणि दोन महिने गोगलगायी, हे एकाच उन्हाळ्यात बसत नव्हतं.

तिने सरांना सरळ सांगितलं की फुकट करणं तिला परवडणार नाही. सर ओशाळले. विभागाकडे होते नव्हते ते पैसे नव्या फ्रीजमध्ये गेले होते. अशा कामासाठी विद्यार्थ्यांना पैसे देणाऱ्या योजना असतात खऱ्या, पण कुठे आणि कशा, हे त्यांनाही धड माहीत नव्हतं. आजवर त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

मग तिने शोध सुरू केला. गोगलगायी जशी पानं उलटून शोधायची तशीच ती या योजना शोधायला लागली, आणि पहिल्या आठवड्यात तिला त्यात मजाही वाटली. कॉलेजची स्वतःचीच एक उन्हाळी योजना निघाली. दोन वर्षं कॉलेजात येऊनही ती कुणाच्या कानावर आली नव्हती, कारण तिची सूचना ज्या फळ्यावर लागे तो फळा सायकलींच्या स्टँडमागे होता. पण ती योजना शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी होती. एका विज्ञान संस्थेची शिष्यवृत्ती होती, चांगली घसघशीत. तिची मुदत, भिंगरीने पहिली डावखुरी गोगलगाय बघितली त्याच्या आदल्या महिन्यात संपली होती. आणखी एक योजना विद्यार्थ्याला दुसऱ्या गावच्या प्रयोगशाळेत पाठवत होती. तिथे राहायची सोय होती, जेवायची सोय होती, फक्त हौद नव्हता. भिंगरीने त्यांना फोन करून विचारलं की गोगलगायी बरोबर आणल्या तर चालेल का. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, असं आजवर कुणी विचारलेलं नाही, म्हणजे बहुधा चालणार नाही.

शेवटी एका प्रतिष्ठानची योजना सापडली. कोणत्याही वर्षाचा विद्यार्थी चालेल, मुदतही बाकी. अर्ज भरता भरता ती एका चौकटीशी अडली. समाजाला होणारा उपयोग, असं तिथे लिहिलेलं होतं. तिने ती चौकट कोरी ठेवली, मग काहीतरी लिहिलं, मग ते खोडलं. कॉलेजच्या ग्रंथपाल बाई तिच्या टेबलाजवळून जाताना थबकल्या. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी सुचवलं की पाणगोगलगायींमधून गुराढोरांना यकृताचा एक आजार होतो, तेव्हा तसं लिही, म्हणजे उपयोग झालाच. भिंगरीला ते पटलं. तिने त्या आजारावरची दोन पुस्तकं वाचून काढली आणि चौकट गुरांनी भरून टाकली. पंधरवड्यात मुलाखतीला बोलावणं आलं. आईने दवाखान्यातून अर्धा दिवस रजा काढून तिचा कुर्ता कडक इस्त्री करून दिला.

मुलाखतीला लांबलचक टेबलापलीकडे तिघं जण होते. अध्यक्षबाई, एक निवृत्त प्राचार्य आणि एक गुरांचे डॉक्टर. हे डॉक्टर तिथे असतील याची भिंगरीला कल्पना नव्हती. त्यांनी शांतपणे विचारलं की तुझ्या हौदातल्या गोगलगायींमध्ये त्या आजाराच्या अळ्या आहेत का, तपासलंय का. नाही म्हणाली. हौदाचं पाणी गुरं पितात का? तो कॉलेजच्या बागेत आहे, तिने सांगितलं, फार तर कावळे पितात. प्राचार्यांना हसू आलं. डॉक्टर मात्र हसले नाहीत.

"मग तुला खरं बघायचंय काय?" त्यांनी विचारलं.

"डावखुरीची पिल्लं डावखुरी होतात का, ते," ती म्हणाली. "आणि दोन्ही प्रकार एकाच हौदात टिकले कसे."

डॉक्टर खुर्चीत पुढे सरकले. पिल्लाची बाजू किती लवकर कळते, अंडी कुठे घालतात, असं विचारायला लागले. तीही भराभर बोलत सुटली. पण अध्यक्षबाईंनी घड्याळाकडे बघितलं आणि पुढच्या मुलाला आत बोलावलं. निकाल त्याच संध्याकाळी कळला, नाही म्हणून. जाताना मात्र डॉक्टर तिला व्हरांड्यात गाठून म्हणाले होते, "पुढच्या वेळी जे बघायचंय तेच लिही. नकार तेव्हाही येईल कदाचित. पण तो तुझ्या गोगलगायींना येईल, माझ्या गुरांना नाही."

रात्री घरी वडिलांनी तिच्या ताटात एक पोळी जास्त वाढली. भिंगरीने ठरवून टाकलं की यंदाचा उन्हाळा मावशीकडेच.

रविवारी ती दुकानात गेली. भिंतीवर टांगायच्या कड्या चौकटींच्या मागे स्क्रूने बसवायचं काम होतं, शंभरेक चौकटी असतील. स्क्रू ठेवायचा, पिळायचा, पुढची चौकट. असं करता करता तिचा हात थांबला. तिने डब्यातून मूठभर स्क्रू काचेवर ओतले आणि एकेक उचलून बघायला लागली. सगळ्यांचे आटे एकाच बाजूला चढत होते. सगळे स्क्रू उजवे.

तिने मावशीला विचारलं की डावा स्क्रू कधी बघितलायस का. मावशी तोंडात पेन्सिल धरून माप घेत होती. पेन्सिल न काढताच तिने सांगितलं की चाळीस वर्षांत असला स्क्रू आपल्या हाताखालून गेलेला नाही, गेला असता तर तो पिळताना आपण त्याच्या कारखानदाराला शिव्या घातल्या असत्या, आणि तुला इतकीच हौस असेल तर जा, त्यालाच विचार. डब्यावर पत्ता छापलेलाच होता. मावशीने हे चिडवायला म्हटलं होतं. भिंगरीने ते कामच समजून घेतलं.

कारखाना गावाबाहेर होता, वडिलांच्या बसच्या वाटेवर. सोमवारी त्यांनी तिला फाटकाशी उतरवलं आणि काय काम आहे हे विचारायच्या आत मागच्या गाडीने भोंगा वाजवला. आत काउंटरवरच्या माणसाने विचारलं, तक्रार आहे की ऑर्डर. भिंगरी म्हणाली, दोन्ही नाही, एक प्रश्न आहे. त्याच्याकडे तक्रारींसाठी एक साहेब होते आणि ऑर्डरींसाठी एक. प्रश्नासाठी कुणीच नव्हतं. तो थोडा घुटमळला आणि त्याने तिला थेट मालकीणबाईंकडे पाठवून दिलं.

मालकीणबाई पन्नाशीच्या पुढच्या, गळ्यात दोरीने अडकवलेला चष्मा, बोटांना तेलाचा काळपट रंग. त्यांच्या टेबलावर कागद कमी आणि लोखंड जास्त होतं. भिंगरीने विचारलं की सगळे स्क्रू उजवेच का असतात, डावे करता येत नाहीत का. बाईंनी उत्तर न देता एक खण ओढला आणि त्यातून दोन ठसठशीत तुकडे काढून तिच्यापुढे ठेवले. सायकलच्या पॅडलचे होते ते, एक उजव्या बाजूचा, एक डाव्या. भिंगरीने दोन्ही टोकं वर करून धरली. डाव्या पॅडलचे आटे उलटे चढत होते.

बाईंनी समजावून सांगितलं की डाव्या पॅडलला साधे आटे दिले तर पाय मारता मारता ते सैल होऊन एक दिवस रस्त्यात पडेल, म्हणून त्याला मुद्दाम उलटे आटे पाडतात. आटे पाडणारं लेथ यंत्र उजवाही पीळ देतं आणि डावाही, लोखंडाला काही फरक पडत नाही. पण सगळ्यांची हत्यारं, सगळ्यांचे हात एका बाजूला वळलेले, म्हणून उलटे करायचे तर तसं कारण लागतं. मग चष्मा लावून त्यांनी विचारलं की तू सायकलवाल्यांची आहेस की कॉलेजची.

भिंगरीने गोगलगायींचं सांगितलं. तिने पैशाचं काही काढलं नाही, कारण ते तिच्या डोक्यातच नव्हतं. ती नुसती सांगत राहिली, पुस्तकातली आकृती, हौद, कमळाच्या पानांमागे चिकटलेल्या दोन्ही तऱ्हा. बाई पॅडलचा तुकडा बोटांत फिरवत ऐकत होत्या.

"आमच्याकडे उलटा पीळ पाडायला कारण लागतं," त्या म्हणाल्या. "या तुझ्या गोगलगायींचं कारण काय?"

"तेच तर कुणाला माहीत नाही."

"मला त्या बघायच्यात," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्या खरोखर आल्या, बाही वर सारली आणि हौदाच्या काठावर बसून कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. पहिल्या तीन गोगलगायी उजव्या लागल्या. चौथी डावखुरी निघाली तशी त्यांनी ती तळहातावर घेऊन इतकी जवळ धरली की सरांना वाटलं या आता तिचा वास घेतात. मग त्यांनी विचारलं की उन्हाळाभर हे बघायला अडचण काय आहे. सर खोकले. भिंगरीने खरं ते सांगितलं, की उन्हाळ्यात आपण मावशीच्या दुकानात काम करतो आणि त्यावर पुढच्या वर्षाची फी निघते. बाईंनी आकडा विचारला. तो ऐकून त्या म्हणाल्या की एवढ्यात आमच्या जाहिरातीचा रस्त्यावरचा एक फलकही रंगवून होत नाही. पैसे आपण देऊ. अट एकच, उन्हाळा संपला की कारखान्यात येऊन जे दिसलं ते सगळ्यांना सांगायचं. काहीच दिसलं नाही, तर काहीच दिसलं नाही असं सांगायचं.

भिंगरीला वाटलं, झालं. तिला कॉलेजचं कार्यालय अजून माहीत नव्हतं.

पैसे कॉलेजमार्फतच यायला हवेत असं सरांचं म्हणणं होतं, आणि ते बरोबरच होतं. पण कार्यालयात कळलं की दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला संशोधनासाठी देणगीतून पैसे द्यायचे असं खातंच कॉलेजात नाही. खातं नाही म्हणजे पैसे घेता येत नाहीत, आणि घेता येत नाहीत म्हणजे देता येत नाहीत. नवीन खातं उघडायला बैठक लागते आणि बैठक सुट्टीनंतर. सर चार वेळा जिना चढले उतरले. त्यांच्या नाकी नऊ आले. पाचव्या वेळी भिंगरी एकटीच गेली आणि तिने हिशेबनीस बाईंना विचारलं की कोणकोणती खाती आहेत ती मला बघायला मिळतील का. हे तिने हट्टाने विचारलं नव्हतं, तिला खरंच बघायचं होतं. हिशेबनीस बाईंना आजवर कुणी त्यांच्या खात्यांबद्दल कुतूहल दाखवलं नव्हतं. त्यांनी खुर्ची पुढे केली आणि दोघी यादीवरून बोट फिरवत बसल्या. निम्म्या वाटेवर हिशेबनीस बाईंचं बोट थांबलं. उद्यान व जलाशय देखभाल. या खात्यात देणगी घेता येत होती आणि उन्हाळ्यापुरता एक हंगामी माणूसही नेमता येत होता.

"हौद म्हणजे जलाशयच की," हिशेबनीस बाई म्हणाल्या, आणि हसू आवरत त्यांनी शिक्का काढला.

अशा रीतीने भिंगरी कागदोपत्री बागेची हंगामी कामगार झाली. तिच्या हजेरीवर माळीकाकांची सही लागणार होती. माळीकाकांना हे कळलं तेव्हा त्यांनी तिला एक गोष्ट सांगितली, जी कुणाच्याच लक्षात आलेली नव्हती. दर उन्हाळ्यात हौद उपसून घासायचा असतो. शेवाळ, गाळ, गोगलगायी, सगळं काढून. देखभाल म्हणतात ती हीच.

 ज्या कामाचे तिला पैसे मिळणार होते, तेच नियमाप्रमाणे तिच्या गोगलगायींच्या मुळावर येत होतं. माळीकाका तसे मवाळ होते, पण हौद न घासण्याची जोखीम त्यांना नको होती. कॉलेजच्या प्राचार्यांच्या खिडकीतून हौद सरळ दिसत असे. बोलता बोलता तोडगा निघाला. आधी सगळ्या गोगलगायी कमळाच्या पानांसकट टबांमध्ये हलवायच्या, मग हौद घासायचा, आणि घासायला भिंगरीनेही लागायचं. तसं झालं. दोन दिवस ती काकांबरोबर गुडघाभर गाळात उभी राहून घासत होती. तेव्हाच काकांकडून कळलं की काही वर्षांपूर्वी नवी कमळं आणली होती, तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून. भिंगरीने घासता घासता हात थांबवला. गोगलगायीही मग एकाच ठिकाणाहून आलेल्या नसणार.

मावशीला सांगायचं तिने शेवटपर्यंत टाळलं होतं. सांगितलं तेव्हा मावशीचे हात कामात होते. गिऱ्हाईक होतं, त्याची तसबीर कागदात बांधली, सुट्टे पैसे दिले, दार लागेपर्यंत थांबली.

"आणि माझ्या काचा कोण कापणार?"

"मी रविवारी येईन."

"लग्नं काय एका रविवारीच होतात?" मावशी म्हणाली. तिचा आवाज रागाचा नव्हता, त्यापेक्षा वाईट होता. "मला वाटायचं, पुढे हे दुकान तूच बघशील."

भिंगरीला हे नवीन होतं. मावशीने आजवर असं कधी बोलून दाखवलं नव्हतं आणि भिंगरीने कधी विचारलं नव्हतं. दुनियेभरचे प्रश्न पडायचे तिला, पण हा पडला नव्हता. ती मावशीशेजारच्या स्टुलावर बसली आणि खरं ते म्हणाली, की दुकानाचं मला आज सांगता येणार नाही, गोगलगायींचं सांगता येईल. मावशीने तिच्याकडे बघितलं, नाक ओढलं, आणि विचारलं की एकेका बरणीत एकेक गोगलगाय ठेवणार म्हणतेस, तर त्या बरण्यांना झाकणं काय लावणार आहेस. भिंगरीने त्याचा विचारच केला नव्हता. मावशीने कापून उरलेल्या काचांचं खोकं पुढे ओढलं. त्या संध्याकाळी दोघींनी मिळून बरण्यांच्या तोंडाएवढे चौकोन कापले आणि कडा घासून काढल्या, हात कापू नये म्हणून. पुढच्या आठवड्यात मावशीने शेजारच्या शिंपीणबाईंच्या मुलीला कामावर ठेवलं आणि ती किती काचा फोडते याची बातमी दर रविवारी भिंगरीला चवीने दिली.

उन्हाळा सुरू झाला. प्रयोगशाळेच्या खिडकीखाली बरण्यांची रांग लागली, प्रत्येकीत एकच गोगलगाय, एक पान आणि वर काचेचा चौकोन, हवेपुरता तिरका. या गोगलगायींमध्ये नर वेगळा, मादी वेगळी असं नसतं, बरणीत एकटी असली तरी प्रत्येकीला अंडी घालता येतात, त्यामुळे कुठल्या बरणीत आधी अंडी येतील याचा नेम नव्हता. भिंगरी रोज सकाळी रांगेतून वाकून बघत जाई. आठवडाभर काही नाही. सर म्हणाले, बघ की.

मग एका सकाळी एका पानामागे बुळबुळीत, पारदर्शक पुंजका दिसला, आत टाचणीच्या डोक्याएवढे दाणे. तिने तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. दाण्याच्या आत काहीतरी फिरत होतं. अजून शंख नाही, डोळे नाहीत, नुसता एक ठिपका, आणि तो आपल्या इवल्याशा पाण्यात सावकाश गोल गोल फिरत होता. शेजारच्या दाण्यातलाही. त्याच्या शेजारचाही. आई तिला डबा द्यायला आली होती, तिलाही तिने बसवून दाखवलं. आई दवाखान्यात रोज लोकांच्या दाढांमध्ये डोकावणारी बाई. तिने एक डोळा मिटला, सवयीने वाकली आणि कितीतरी वेळ वर बघितलंच नाही. शेवटी म्हणाली की हे यांना कुणी शिकवलं असेल. मग सरांना बोलावून तिघं डब्यातलं जेवले.

दोन-अडीच आठवड्यांनी पिल्लं बाहेर पडायला लागली आणि त्यांचे शंख दिसू लागले. पहिला पुंजका उजव्या गोगलगायीचा, पिल्लं सगळी उजवी. दुसरा डावखुरीचा, पिल्लं सगळी डावखुरी. भिंगरीला वाटलं, उत्तर सोपंच होतं. तिसरा पुंजकाही डावखुरीचा होता. तिने पहिलं पिल्लू बघितलं, दुसरं बघितलं, बरणीवरची चिठ्ठी बघितली, आईगोगलगाय उचलून तिचा शंख पुन्हा बघितला. आई डावखुरी, पिल्लं सगळीच्या सगळी उजवी.

सरांनी हे त्या दुसऱ्या जातीबद्दल वाचलेलं होतं, आणि आता तिनेही ते वाचून काढलं. पिल्लाचा पीळ आईच्या शंखावर ठरत नाही. आईला तिच्या आईबापांकडून जे मिळालेलं असतं, त्यावर ठरतो, मग ते तिच्या स्वतःच्या अंगावर दिसो वा न दिसो. एका आईची सगळी पोरं म्हणून एकाच बाजूची. पुस्तकात हे चार ओळींत होतं. इथे ते काचेखाली चालत होतं, शिंगं बाहेर काढत होतं. सुट्टी संपेपर्यंत चाळीसएक पुंजके फुटले आणि एकातही सरमिसळ निघाली नाही. या जातीतही तसंच होतं तर.

ठरल्याप्रमाणे ती कारखान्यात गेली. जेवणघरातली टेबलं भिंतीला लावली होती आणि लेथवरची, गोदामातली, हिशेबातली माणसं दाटीवाटीने बसली होती. मावशी दुकान बंद करून आली होती आणि पहिल्या रांगेत बसून शेजारच्या माणसाला सांगत होती की झाकणं आमची आहेत. भिंगरीला आधी घाम फुटला, मग ती गोगलगायींवर आली आणि घाम विसरली. तिने दोन बरण्या फिरवायला दिल्या. जे कळलं ते सांगितलं, आणि जे कळलं नाही तेही, की डावखुऱ्या हौदात इतक्या कशा टिकल्या याचा पत्ता अजून नाही. वेगवेगळ्या हौदांतून आलेल्या असतील हा अंदाज, पण अंदाजच. त्यासाठी कमळं जिथून आली ती तीन ठिकाणं शोधावी लागतील. मालकीणबाईंनी विचारलं की त्याला काय लागेल. भिंगरी म्हणाली की आधी माळीकाकांना आठवावं लागेल. सगळे हसले, बाई मात्र मान हलवून म्हणाल्या, "त्यांना आठवलं की ये."

कॉलेज सुरू झालं. बरण्या कमी करायच्या होत्या, प्रयोगशाळेला जागा हवी होती. भिंगरी पहिल्या तासाआधी येऊन पिल्लांच्या शेवटच्या चार-पाच बरण्या रिकाम्या करत होती. उशिरा फुटलेला एक पुंजका राहिला होता. तिने तो सवयीने काचेखाली सरकवला, एका पिल्लाची बाजू लिहिली, दुसऱ्याची लिहिली, आणि पेन खाली ठेवलं.

सर आत आले तेव्हा ती उठली आणि त्यांना खुर्ची दिली. त्यांनी डोळा लावला. एकाच पुंजक्यातली पिल्लं होती, एकाच पानावर. काही उजवी होती आणि काही डावखुरी.

"बरणीत यांची आई एकटीच होती ना?" त्यांनी डोळा न काढता विचारलं.

"पहिल्या दिवसापासून एकटीच."

"मग हे कसं?"

"माहीत नाही," भिंगरी म्हणाली.

सरांनी पाय लांबवून शेजारचं स्टूल खुर्चीजवळ ओढलं आणि तिला बसायची खूण केली. तासाची घंटा झाली, बाहेर मुलं वर्गात जायला लागली. दोघं आळीपाळीने काचेखाली बघत राहिली.